वालाच्या शेताच्या काठावर

बाबा, आईनं जेवण जवळजवळ सोडलंय. दुखणं म्हणावं असं काही नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, वय झालंय, तोंडाची चव गेलीय, मागतील ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या, नाहीतर अंथरूण धरतील. मी पेज केली, तिनं दोन चमचे घेतले. खिचडी केली, ती नुसती चिवडली. शेवटी माझा संयम संपला आणि मी म्हटलं, "अगं, मग तुला हवंय तरी काय?" तर ती खिडकीबाहेर बघत, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात म्हणाली, "वालाचं बिरडं." आणि मी, डोक्याचे केस पांढरे झालेली, अर्ध्या मुलुंडला गणित शिकवलेली बाई, चटकन मागे वळून बघितलं. तुम्ही जाऊन इतका काळ लोटलाय की भिंतीवरच्या तुमच्या फोटोचा रंगही उडालाय. तरी मी बघितलं, तुम्ही ऐकलं तर नाही ना म्हणून.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. एका मराठी घरात वाल शिजत नाहीत, का, तर अडीच हजार वर्षांपूर्वी पायथागोरस नावाच्या ग्रीक माणसानं आपल्या शिष्यांना शेंगांमधले दाणे खाऊ नका म्हणून बजावलं होतं. लोकांना तो फक्त काटकोन त्रिकोणापुरता ठाऊक. शाळा सुटली की तोही सुटला. आपल्या घरात मात्र तो मोठ्या काकांसारखा राहायचा, न दिसता, आणि सगळ्यात त्याचं मत असायचं. तो म्हणायचा, जग संख्यांनी बनलंय. तो म्हणायचा, आत्मा मरत नाही, या देहातून त्या देहात जातो. कुणीतरी कुत्र्याला मारत होतं तेव्हा त्यानं म्हणे थांबवलं होतं, की मारू नकोस, या केकाटण्यात मला माझ्या मित्राचा आवाज ऐकू येतोय. म्हणून आपल्या आवारातल्या लंगड्या कुत्र्यावर वॉचमननं काठी उगारली की तुम्ही बनियनवर धावत जायचात. ते मला आवडायचं, बाबा. ते खरंच आवडायचं. फक्त एक गोष्ट मला लहानपणीही खटकायची. त्याच आत्म्याच्या भानगडीमुळे तुमचा ग्रीक मांसमच्छी खाऊ नका असंही सांगून गेला होता म्हणे, पण ताटात तळलेला बांगडा आला की तो अगदी गप्प बसायचा. चवळीला चालायचं, मुगाला चालायचं, पावट्यालाही एखाद वेळी माफी मिळायची. वालाला कधीच नाही. आणि आई अलिबागकडची. वाल म्हणजे तिचं माहेरच.

तुमचा क्लासही त्याच्याच चालीवर. तो नव्या शिष्यांना म्हणे पाच वर्षं बोलू द्यायचा नाही. पडद्याआडून त्याचा आवाज ऐकायचा, तोंड दिसायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. तुम्ही पाचाचं एक केलंत, आजकाल फी देणारे एवढे थांबत नाहीत म्हणून. आठवीची मुलं पडद्यामागे, नववी-दहावी पुढे. आणि आपल्या तळमजल्यावरच्या त्या घरात पडद्यामागे काय, तर स्वयंपाकघर. निळा, जाड, चादरीचा पडदा. त्याच्या अलीकडे तुम्ही, फळा, मोठी मुलं. पलीकडे आई, कुकर, फोडणी आणि मांडीवर वह्या घेऊन गप्प बसलेली आठवीची पोरं. आठवीत गेल्यावर मीही त्यांच्यातच. तुमची स्वतःची मुलगी म्हणून काही सूट नव्हती. कुकरची शिट्टी झाली की तुम्ही वाक्य तोडून थांबायचात, शिट्टी संपली की त्याच शब्दापासून पुढे. आई तर श्वासही बेतानं घ्यायची. डबा वाजला की जीभ चावायची. एखादीला स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखं वावरावं लागतं याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, कारण दुसरं मी पाहिलंच नव्हतं.

त्या पडद्यामागे मी एकदाच बोलले. तुम्ही सांगत होतात की सगळं काही पूर्ण संख्यांच्या प्रमाणात मांडता येतं, हाच त्या माणसाचा मोठा शोध. मी खाली बघत होते. आपल्या स्वयंपाकघरातली चौकोनी लादी. तिची बाजू एक धरली तर कर्ण किती, म्हणून मी वहीत अपूर्णांक लावून बघत होते आणि एकही बसत नव्हता. आणि माझ्या तोंडून गेलंच, "बाबा, मग हा कर्ण कुठल्या प्रमाणात?" पलीकडे सगळं थांबलं. आईच्या हातातला झारा हवेत. तुम्ही पडदा सारला नाहीत, आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "पडद्यामागून प्रश्न येत नसतात," आणि मोठी मुलं हसली. मग तुम्ही त्यांना गोष्ट सांगितलीत, की हाच प्रश्न एका शिष्यानं बाहेर फोडला आणि त्याला समुद्रात बुडवलं, असं लोक सांगतात. छान रंगवून सांगितलीत. मी लादीवर बसून ऐकत होते. प्रश्न बरोबर होता, बाबा. पुढे मीच तो हजारदा शिकवला. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की बरोबर प्रश्नालाही बुडवतात.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी, मी पडद्यामागून पुढे आले त्या दिवशी, तुम्ही मला ती तार दिलीत. फळांच्या खोक्याची फळी, तिच्यावर ताणलेली एकच तार, खाली सरकवायला लाकडाची घोडी. तुम्ही माझं बोट धरून घोडी बरोबर मध्यावर आणलीत आणि तार छेडलीत. तोच सा, पण वरचा. मग दोन तृतीयांशावर. पंचम. मी तुमच्याकडे बघितलं तर तुमचे डोळे भरलेले. "बघ," तुम्ही म्हणालात, "हे कुणी ठरवलेलं नाही. हे आहेच." माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं सुंदर काही दिलेलं नाही. म्हणूनच तर सगळी वाट लागली. नुसता जाच असता तर मी केव्हाच पळाले असते.

पळायची वेळ आलीही होती. एम.एस्सी. झाल्यावर मला ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरी लागली होती, आठवतं? पत्र आलं त्याच सुमारास तुम्ही आजारी पडलात. दहावीची बॅच अर्ध्यावर होती. तुम्ही काही मागितलं नाहीत. फक्त अंथरुणावरून फळ्याकडे बघत राहिलात. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत मी बघते. ती परीक्षा झाली, तुम्ही गेलात, दुसरी बॅच दारात उभी होती. ते "परीक्षेपर्यंत" अजून चालूच आहे. आता तर माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईबाप तुमचे विद्यार्थी. एकदा मी पडदा काढायचं म्हटलं तर एक बाप, मोठा इंजिनीअर, हात जोडून म्हणाला, "मॅडम, पडदा राहू द्या. सरांनी सांगितलं होतं, आधी ऐकायला शिका. आमचं भलं त्यानंच झालं." सरांनी सांगितलं होतं! तुमच्या ग्रीकाचे शिष्यही म्हणे वादात हेच म्हणायचे, 'त्यानं स्वतः सांगितलंय', की विषय संपला. त्यानं एक ओळ लिहून ठेवली नाही आणि तुम्हीही नाही. लिहिलेलं असतं तर निदान खोडता आलं असतं. मी पडदा धुतला, पुन्हा लावला. फाटला तेव्हा त्याच निळ्या रंगाचा नवा शोधत घाटकोपरपर्यंत गेले.

त्याच्या मरणाची गोष्ट तुम्ही दरवर्षी शेवटच्या तासाला सांगायचात. शत्रूंनी घर पेटवलं, तो निसटला, जीव घेऊन धावत सुटला, आणि वाटेत शेंगांचं शेत आडवं आलं. पलीकडे सुटका. पण शेत तुडवायचं नाही, दाण्याला पाय लावायचा नाही, हा त्याचाच नियम. तो काठावर थांबला. मागून ते आले आणि त्यांनी त्याला मारलं. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण तुमचा आवाज तिथे दाटायचा. "याला म्हणतात निष्ठा," तुम्ही म्हणायचात. मुलं गंभीर व्हायची. मी मात्र प्रत्येक वर्षी मनात ओरडायचे, अरे, जा ना पलीकडे! शेतच आहे!

आणि आता माझी आई उपाशी आणि मी काठावर. तिनं बिरडं मागितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडे गेले, वालाच्या पोत्यासमोर उभी राहिले आणि चवळी घेऊन आले. आईनं वाटी बघितली, वाटीकडून माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या दिवशी स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावशींकडे सोललेले वाल दिसले, भिजून फुगलेले, पांढरे. "घे गं, आत्ता सोललेत." मी म्हटलं, उद्या. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. कुणी अडवत नव्हतं. पाकिटात पैसे होते, घरात गॅस होता. रात्री आईनं पाणीसुद्धा अर्धंच प्यायलं. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती. सकाळी मी उठले आणि कुणीतरी ढकलल्यासारखी जाऊन वाल आणले. मावशी नेमक्या नव्हत्या, म्हणून वाण्याकडचे, सुके, कडवे.

आता गंमत ऐका. घरात कधी वाल आले नाहीत, त्यामुळे ते करायचे कसे हे मला ठाऊकच नव्हतं. मी ते धुतले, दोन तास भिजवले आणि सालींसकट कुकरला लावून मोकळी झाले. वर झोकात खोबरं-कोथिंबीर. आईनं एक दाणा तोंडात घातला, बराच वेळ चावला, मग बाहेर काढून तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "हे काय गुरांना केलंयस का गं?" आणि हसली. बाबा, किती दिवसांनी हसली ती. हसता हसता ठसका लागला. "अगं बाई, रात्रभर भिजत घालायचे. मग फडक्यात बांधून ठेवायचे, मोड येऊ द्यायचे. मग गरम पाण्यात टाकून सोलायचे. एवढी शिकली आणि वाल सोलता येईनात. आण, उरलेले आण इकडे." म्हणजे मोड येईपर्यंत थांबणं आलं. ती थांबली, आणि थांबायचं म्हणून दोन वेळा पेजही प्यायली, निमूट.

मोड आले तो नेमका क्लासचा दिवस. मी म्हटलं, संध्याकाळी सोलू, मुलं गेल्यावर. ती म्हणाली, "संध्याकाळी आंबतील. तू शिकव तुझं. मी सोलते माझं." तिला मी आधार देऊन पडद्यामागे पाटावर बसवलं, पुढ्यात गरम पाण्याचं पातेलं, बाजूला आठवीची मुलं. मी फळ्याकडे वळले. पाच मिनिटं झाली नाहीत तो पडद्यामागून आवाज, चांगला खणखणीत, "अगं ए, पाणी गार झालं! आणि इथे काळोख किती, दाणा दिसत नाही मला. सार ते लक्तर." त्या घरात, त्या वेळेला, पडद्यामागून एवढा मोठा आवाज कधी आलेला नव्हता. दहावीची मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी जाऊन पडदा सारला. काय करणार, तिला दिसत नव्हतं. आणि पाहते तर आठवीची सगळी मुलं वह्या बाजूला ठेवून वाल सोलत बसलेली. चिमटीत दाबला की दाणा बुळकन सालीतून निसटायचा, पोरं खुसखुसत होती, आणि आई त्यांना सांगत होती, "अरे नख नको लावू, मोड तुटतो ना रे!"

मुलं गेल्यावर उरलेले आम्ही दोघी सोलत बसलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, बाबांना आवडलं नसतं." तिनं हातातला दाणा पातेल्यात टाकला. "आवडलं नसतं काय," ती म्हणाली, "त्यांना बाधायचे."

"काय?"

"बाधायचे गं वाल. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी गेलो. जावई आले म्हणून आईनं मुद्दाम बिरडं केलं. सगळ्यांनी आग्रह करकरून वाढलं. आणि रात्रभर हे पोट धरून ओटीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिरडं, पुन्हा तेच. आमच्याकडे ज्याला वाल पचत नाहीत त्याची काय टर उडवतात तुला माहीत नाही. माझे भाऊ म्हणजे! हे मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं."

"आणि पायथागोरस?"

"तो नंतर सापडला त्यांना," आई म्हणाली. "लायब्ररीतल्या कुठल्या पुस्तकात. असे धावत आले घरी! पुढच्या वेळी माहेरी गेलो तर ताठ बसून सगळ्यांना सांगितलं, आम्ही तत्त्व म्हणून खात नाही. भाऊ गप्प. मग काय, एकदा तत्त्व म्हटल्यावर मला तरी कसं खाता येणार? बायकोच खाते म्हणाले असते लोक."

"आणि मला का नाही सांगितलंस? इतक्या वर्षांत?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी आठवीतली आहे. "कुणाला सांगू नकोस म्हणाले होते ना."

मी तुमच्यावर इतकी चिडले, बाबा, की उठून तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. पोट दुखलं म्हणून! तेवढ्यासाठी आई जन्मभर तिच्या माहेरच्या घासाला मुकली, त्यातून ती निष्ठा, तो काठ, तो दाटलेला गळा. तुम्हाला एकदा म्हणता आलं नाही, मला पचत नाही, तुम्ही खा? मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच नीट झालं नाही. मग मला ती फळीवरची तार आठवली. घोडी मध्यावर नेली की वरचा सा लागतो, ते काही तुम्ही पोटदुखीवरून रचलेलं नव्हतं. आता त्या घरात काय खरं होतं आणि काय नुसतं झाकायला होतं, हे एकेक करून सोलत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

बिरडं आईनं पाटावर बसूनच करवून घेतलं. हिंग, मोहरी, नारळाचं दूध, आमसूल, गुळाचा खडा. तिनं भातावर घेतलं आणि जेवली. पोटभर जेवली, बोटं चाटून, मान खाली घालून. मग म्हणाली, "तू पण घे ना." मी घेतलं. दोनदा घेतलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "झकास," मी म्हटलं. खरंच झकास झालं होतं.

त्यानंतर ती रोज थोडं थोडं खाते आहे. पडदा मी पुन्हा लावलेला नाही. एका मुलाच्या आईनं त्याला क्लासला सोडताना विचारलं, "मॅडम, सरांचा पडदा?" मी म्हटलं, "धुवायला काढलाय." धुतला वगैरे काही नाही, कपाटात कोंबलाय. नाही लावत आता, असं तीन शब्दांत म्हणता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. मी धुवायला काढलाय म्हटलं.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. तुमच्या ग्रीकाचं खरं असेल तर तुम्ही आता कुठल्या देहात आहात ते तरी कळायला हवं. आवारात एक नवीन कुत्रा आलाय, मी त्याला पोळी घालते, बस. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. बिरडं खाल्लं त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटेपर्यंत मी मोरीशेजारच्या लादीवर पोट धरून बसले होते, आई जागी होऊ नये म्हणून दात आवळून. सकाळी तिनं चहाचा पहिला घोट घेतला आणि विचारलं, "तुला बाधले नाहीत ना गं?" मी म्हटलं, छे. तिचा चेहरा असा उजळला की बस. म्हणाली, "मग गुरुवारी पुन्हा करू. आता दर गुरुवारी." आज बुधवार आहे, बाबा. वाल मी भिजत घातलेत, मोडही आलेत, आणि तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.